ओळखीचं दुकान अडचणीत आलंय? सगळ्यांनी मिळून नेमकं काय करायचं, सविस्तर

एखादं जुनं दुकान बंद पडलं की ग्रुपवर रडक्या इमोजींची रांग लागते, अरेरे किती छान होतं, शाळेत असल्यापासून जायचो तिथे वगैरे वगैरे, आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी गेल्या वर्षभरात तिथून पेनाची रिफीलसुद्धा घेतलेली नसते. हा लेख बंद पडायच्या आधीच्या काळाबद्दल आहे. टेलर, सलून, स्टेशनरी, सायकल दुरुस्ती, छोटा छापखाना, घरगुती क्लास, असं कुणीही एकट्यादुकट्याने चालवलेलं काहीही धरा, आणि तुम्ही गिऱ्हाईक, शेजारी किंवा मित्र आहात असं धरा.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. छोटा धंदा बऱ्याचदा कागदावर नफ्यात असतानाही बंद पडतो, कारण हातातली रोकड संपते. माल विकलेला असतो पण पैसे उधारीत अडकलेले, भाडं आज द्यायचंय, पगार परवा. त्यामुळे मदतीची कुठलीही आयडिया आली की एकच प्रश्न विचारायचा: याने या महिन्यात गल्ल्यात पैसे येतील का, आणि पुढच्या महिन्यातही येतील का? दोन्हीला हो असेल तर करा, नाहीतर ती फक्त आपल्याला बरं वाटावं म्हणून केलेली धावपळ असते.

पायरी १: आधी मालकाशी बोला, पोस्ट नंतर

लोक उलटं करतात. कुणाकडून तरी कळतं की धंदा बसलाय, लगेच "वाचवा!" म्हणून मोठी भावनिक पोस्ट, आणि मालकाला ती तिसऱ्याच माणसाकडून समजते. याचा खरा तोटा काय होतो बघा. ती पोस्ट मालाचा सप्लायर वाचतो आणि उद्यापासून माल रोखीने घ्या म्हणतो. जागेचा मालक वाचतो आणि त्याला भाड्याची काळजी लागते. हाताखालचा पोरगा दुसरी नोकरी शोधायला लागतो. ज्यांनी ॲडव्हान्स दिलाय ते परत मागायला येतात. म्हणजे महिनाभर कसंबसं तग धरलं असतं ते आठवड्यात संपतं, आणि तेही मदत करायला निघालेल्या लोकांमुळे!

म्हणून आधी जाऊन बोला, गर्दी नसताना, आणि एकट्यानेच जा. "काका, धंदा कसा चाललाय?" असं विचारलं तर "चाललंय आपलं" हेच उत्तर येणार, याच्या पलीकडे कुणीच बोलत नाही. त्यापेक्षा नेमकं विचारा. "काका, आम्ही चारपाच जण नेहमीचे आहोत, आम्हाला वाटतं दुकान टिकावं, आत्ता सगळ्यात जास्त काय अडलंय, भाडं की माल की गिऱ्हाईक?" यावर माणूस बोलतो. आणि नको म्हणाले तर विषय सोडा, गुपचूप गिऱ्हाईक म्हणून जात राहा, तीही मदतच आहे. बाहेर काय सांगायचं आणि काय नाही हेही तेव्हाच त्यांच्याकडून ठरवून घ्या.

पायरी २: कागद पेन घेऊन बसा

मालक तयार असेल तर ही पायरी अजिबात गाळू नका. खूप छोट्या दुकानदारांना रोजचा गल्ला तोंडपाठ असतो पण महिन्याला किती विक्री झाली म्हणजे धंदा तरतो हा आकडा माहीत नसतो. तो काढायला सीए लागत नाही.

महिन्याला काहीही झालं तरी द्यावा लागणारा खर्च लिहा: भाडं, वीज, पगार, कर्जाचा हप्ता, आणि मालकाच्या घरखर्चापुरते पैसे. हे शेवटचं लोक लिहीतच नाहीत, मग हिशोब छान दिसतो आणि घरात मात्र ओढाताण. समजा ही बेरीज ३०,००० आली. आता १०० ची विक्री झाल्यावर मालाचे पैसे जाऊन हातात किती उरतात ते बघा. समजा २५. म्हणजे ३०,००० उरायला महिन्याला १,२०,००० ची विक्री पाहिजे. आत्ता होतेय ९६,०००, तर कमी पडतायत २४,०००. एक घर महिन्याला तिथून ८०० चं काही घेत असेल तर हा खड्डा भरायला ३० घरं लागतात.

तीस घरं! हजारो फॉलोअर नाही, व्हायरल रील नाही, तीस घरं. आकडे तुमच्याकडे वेगळे येतील, कदाचित तीसच्या जागी दीडशे येतील आणि मग कळेल की नुसत्या गिऱ्हाइकांनी हे भागणार नाही, खर्च कमी करावा लागेल. पण जे काही आहे ते समोर येतं. "लोकल खरेदी करा" असं ओरडण्यापेक्षा "आम्हाला अजून तीस घरं हवीत" हे वाक्य कितीतरी जास्त कामाचं.

पायरी ३: दुखणं कुठलं ते ओळखा

सगळ्या धंद्यांना एकच औषध चालत नाही. विक्री चांगली आहे पण पैसे अडकलेत, तर आणखी गिऱ्हाईक आणून उपयोग नाही, वसुलीला मदत पाहिजे. गिऱ्हाईकच येत नाही कारण समोर रस्ता खोदलाय, तर हा तात्पुरता प्रॉब्लेम, दोनतीन महिने ढकलून न्यायचे. मालक किंवा घरचं कुणी आजारी आहे म्हणून दुकान निम्मा वेळ बंद, तर पैशापेक्षा दुकानात बसायला विश्वासाचं माणूस हवं. आणि लोकांना ती वस्तूच लागेनाशी झाली असेल तर मात्र बदल करावा लागणार, जुन्याच गोष्टीला धक्का मारत बसून काही होत नाही. हे चौथं दुखणं मान्य करायला मालक आणि मदत करणारे दोघंही तयार नसतात, माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाया जाते.

पायरी ४: आधी गळती बंद करा, आणि ती आपल्यापासून

ओळखीचं दुकान म्हटलं की आपण दोन गोष्टी हक्काने करतो, उधारी आणि घासाघीस.

उधारीचं गणित बघा. वरचाच हिशोब धरला तर १०० ची उधारी बुडाली म्हणजे ७५ चा माल खिशातून गेला. ते ७५ भरून काढायला आणखी ३०० ची विक्री करावी लागते, तीही सगळी रोखीने. १८४४ मध्ये इंग्लंडातल्या रॉचडेलमध्ये २८ जणांनी मिळून स्वतःचं सहकारी दुकान काढलं, आजच्या ग्राहक सहकारी चळवळीची सुरुवात तिथून मानतात, आणि त्यांच्या मूळ नियमांमध्ये एक होता रोखीचा व्यवहार. त्यांच्या आजूबाजूला गरिबी होती, उधारीची गरज त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होती, तरी उधारी ठेवली नाही, कारण त्यात दुकानच जातं.

तर पहिलं काम, तुमची स्वतःची थकबाकी आजच्या आज देऊन टाका. मग मालकाच्या परवानगीने वही घेऊन बसा आणि जुनी थकबाकी तीन गटांत वाटा: मागितली की मिळेल, हप्त्याने मिळेल, गेल्यात जमा. पहिल्या गटाला मालकाने स्वतः फोन करायचा, कारण बाहेरच्या माणसाने केला की समोरच्याचा अपमान होतो. बाहेरच्याने फक्त यादी, मेसेजचा साधा मजकूर आणि आठवण करून द्यायचं काम करावं. कुणाची किती उधारी हे ग्रुपमध्ये टाकायचं नाही, कधीच नाही.

आता डिस्काउंट. १०० च्या वस्तूवर २५ सुटत होते, १० टक्के सूट दिली की सुटतात १५. तेवढाच नफा मिळवायला आता माल ६७ टक्के जास्त खपवावा लागेल. एकटा माणूस चालवतो त्या दुकानात ६७ टक्के जास्त काम करणार कोण? त्यामुळे अडचणीतल्या दुकानाला "एखादी भारी ऑफर काढा ना" हा सल्ला देऊ नका, आणि स्वतःही मागू नका. पडून राहिलेला माल काढायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सूट द्या आणि रोकड मोकळी करा. "मित्र आहेस ना, थोडं कमी कर" यापेक्षा मित्राने पूर्ण पैसे देणं हेच बरोबर.

पायरी ५: ठरलेलं गिऱ्हाईक उभं करा

माझ्या मते हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात कंटाळवाणी, म्हणून कुणी करत नाही. पायरी दोनमध्ये जो आकडा आला तेवढी घरं शोधायची. प्रत्येकाने आपल्या ओळखीतल्या पाचसहा घरांशी प्रत्यक्ष बोलायचं. "सपोर्ट करा" असं मोघम नाही, "तुमच्याकडे वह्या, प्रिंट, लॅमिनेशन लागतंच ना, ते पुढचे सहा महिने इथून घ्याल का?" असं. नवीन खर्च करायला लावायचं नाहीये, जो खर्च होतोच आहे त्यातला थोडा वळवायचाय. लोक याला पटकन तयार होतात.

त्याहून मोठा फरक पडतो तो एकगठ्ठा घेणाऱ्यांनी. शाळा, क्लासेस, ऑफिसं, मंडळं, डॉक्टरांचे दवाखाने, यांना प्रिंटिंग लागतं, युनिफॉर्म लागतात, फर्निचरची दुरुस्ती लागते. तुम्ही अशा एखाद्या ठिकाणी काम करत असाल तर कोटेशन मागवताना या दुकानालाही एक मेल जाईल एवढं बघा. काम मिळवून द्या असं म्हणत नाही मी, दर आणि दर्जा बघूनच काम द्या, पण बऱ्याचदा छोट्या माणसाला कोटेशन मागवलंय हेच कळत नसतं. आणि इथे एक कलम आधीच ठरवा: बिल झाल्यावर किती दिवसांत पैसे. मोठी संस्था ६० किंवा ९० दिवस लावते, छोटा माणूस मालासाठी आधीच पैसे घालून बसलेला असतो, म्हणजे मोठी ऑर्डर मिळाली आणि तिनेच दुकान बुडवलं असंही होतं. निम्मे पैसे आधी आणि उरलेले आठवडाभरात, एवढं जमत असेल तरच मोठी ऑर्डर घ्यावी.

पायरी ६: एक दिवसाची गर्दी, करायची असेल तर नीट

२०११ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात एका ब्लॉगरने लोकांना एका दुकानात ठरलेल्या दिवशी जमून खरेदी करायला बोलावलं, त्याला कॅश मॉब नाव पडलं आणि ती कल्पना बऱ्याच ठिकाणी पसरली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, अमेरिकन एक्सप्रेस या क्रेडिट कार्ड कंपनीने तिकडे स्मॉल बिझनेस सॅटर्डे सुरू केला होता, पुढे २०१३ पासून ब्रिटनमध्येही होऊ लागला. एक दिवस ठरवून लोक छोट्या दुकानांत जातात, चांगली गोष्ट आहे.

पण एका दिवसाने महिना निघत नाही, उलट नीट तयारी नसेल तर नुकसान होतं. शंभर लोक आले, माल तासाभरात संपला, बिलाला रांग लागली, नेहमीची गिऱ्हाइकं वैतागून गेली आणि नवे लोक "सर्व्हिस स्लो आहे" असा रिव्ह्यू टाकून मोकळे झाले. म्हणून आठ दिवस आधी मालकाशी बोलून माल किती आहे ते बघा, लोकांना दिवसभरात वेगवेगळ्या वेळा द्या, बिल करायला आणि पिशव्या भरायला दोन माणसं मदतीला ठेवा, सुटे पैसे आणि क्यूआर कोड तयार ठेवा. सलून किंवा टेलरसारखा हाताच्या कामाचा धंदा असेल तर गर्दी बोलवूच नका, त्या दिवशी पुढच्या महिनाभराच्या अपॉइंटमेंट घ्या. आणि आलेल्या प्रत्येकाला विचारून त्याचा नंबर घ्या, कारण खरी कमाई तीच आहे, पुन्हा बोलावता येणारी माणसं.

पायरी ७: तुमच्याकडचं कौशल्य द्या, पण चावी मालकाकडेच

कॉलेजच्या पोरांना हे काम फार छान जमतं. गूगल मॅप्सवर दुकान आहे का, वेळा बरोबर आहेत का, फोन नंबर चालू आहे का, हे बघायला अर्धा तास लागतो. मॅपवर "बंद" दिसतंय म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि मालकाला पत्ताच नसतो, हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप कॉमन आहे. व्हॉट्सॅप बिझनेसवर कॅटलॉग, उजेडात काढलेले साधे फोटो, दर. बास, सुरुवातीला एवढं पुरे.

खरे रिव्ह्यू लिहा, काय काम करून घेतलं आणि कसं झालं ते दोन वाक्यांत. खोटे लिहू नका आणि रिव्ह्यूच्या बदल्यात काही फुकट द्यायला मालकाला सांगू नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही आणि रिव्ह्यू काढले जाऊ शकतात. सगळी अकाउंट मालकाच्या ईमेलवर आणि नंबरवरच उघडा, नाहीतर पोरगं शिकायला बाहेरगावी जातं आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो.

डिलिव्हरी ॲपवर टाकायच्या आधी कमिशन विचारा. बऱ्याच ॲपवर ते १५ ते ३० टक्क्यांच्या घरात असतं, आणि आपल्या उदाहरणात तर सुटतातच २५. फोनवर ऑर्डर आणि जवळच्या जवळ सायकलवर पोचवणं हे अजूनही चालतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पायरी ८: पैसे द्यायचे असतील तर

इथे भांडणं होतात, नीट वाचा.

सगळ्यात सोपं म्हणजे आगाऊ पैसे, व्हाउचर किंवा कूपनबुक, आज पैसे द्या आणि पुढे वापरा. रोकड लगेच येते. पण हे मालकावरचं कर्जच आहे हे विसरू नका. सगळ्यांनी पुढच्याच महिन्यात वापरली तर त्या महिन्यात माल जाणार आणि पैसे येणार नाहीत. म्हणून महिन्याला किती वापरायचं त्याची मर्यादा ठरवा, एकूण किती विकायची त्याचीही, आणि दुकान बंद झालं तर हे पैसे बहुतेक बुडाले असं धरूनच द्या.

उसने देणार असाल तर कितीही जवळचं माणूस असो, एका कागदावर रक्कम, तारीख, हप्ता आणि नाही जमलं तर काय, एवढं लिहा आणि दोघांनी सह्या करा. नात्यात कागद कशाला असं वाटतं, पण नातं टिकवायलाच कागद लागतो. बँकेच्या कर्जाला जामीन राहायला सांगितलं तर आणखी विचार करा, जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे, कर्ज घेणाऱ्याने नाही भरलं तर बँक तुमच्याकडे येणार.

देणगी गोळा करत असाल तर नेमक्या कारणासाठी करा, बिघडलेलं मशीन किंवा पाण्याने खराब झालेला माल असं काहीतरी, आणि बिल सगळ्यांना दाखवा. महिन्याचा तोटा भरायला देणगी मागू नका, पुढच्या महिन्यात परत तोटा होणारच आहे. पैसे थेट मालकाच्या धंद्याच्या खात्यात जाऊ द्या, गोळा करणाऱ्याच्या खात्यात नको. आणि यावर टॅक्स कसा लागतो ते हिशोबनीसाला आधी विचारा.

शेवटचा मार्ग म्हणजे लोकांनीच भागधारक व्हायचं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात पॉवेल नावाचं छोटं गाव आहे, तिथलं कपड्यांचं मोठं दुकान कंपनीने बंद केल्यावर गावकऱ्यांनी शेअर विकत घेऊन २००२ मध्ये स्वतःचं दुकान उघडलं. भारी वाटतं ऐकायला, पण त्याला कायदेशीर संस्था, संचालक मंडळ, पगारी मॅनेजर हे सगळं लागतं. एका माणसाचा धंदा वाचवायला हे फार जड होतं. लोकल करन्सी, म्हणजे एका शहरातल्या दुकानांपुरतंच चालणारं चलन, त्याचंही तसंच, इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहराचा ब्रिस्टल पौंड २०१२ मध्ये गाजावाजा करून आला आणि दहा वर्षंही टिकला नाही, त्यामुळे एका दुकानासाठी त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ९: भाडं

याबद्दल थोडक्यातच. जागेच्या मालकाकडे भाडं थकल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो, थकायच्या आधी जा. "कमी करा" यापेक्षा "तीन महिने निम्मं घ्या, राहिलेलं पुढच्या वर्षभरात हप्त्याने देतो, हा बघा हिशोब" असं लिहून न्या. रिकामी जागा त्यालाही परवडत नसते, नवीन भाडेकरू येईपर्यंत त्याचंही नुकसानच असतं. सोबत एखादं वजनदार, शांत बोलणारं माणूस न्या. पाच जण मिळून जाऊ नका, मोर्चा वाटतो.

पायरी १०: मुदत ठरवा

मदत करणारे सुरुवातीला पंधरा असतात आणि तिसऱ्या महिन्याला तीन, हे गृहीतच धरा. म्हणून मुदत आधीच ठरवा, सहा महिने ठीक आहेत. दर महिन्याला एकदा अर्धा तास बसायचं, तीनच आकडे बघायचे: विक्री किती, रोकड किती उरली, थकबाकी किती वसूल झाली. निर्णय मालकाचा, तुम्ही फक्त आकडे समोर ठेवायचे. सहा महिन्यांनी विक्री त्या १,२०,००० च्या जवळ जात असेल तर ग्रुप मोडा, आता तुमची गरज नाही, गिऱ्हाईक म्हणून जात राहा.

आणि जात नसेल तर बंद करायलाही मदत करा. हे कुणी सांगत नाही, पण वेळेत बंद केलेला धंदा आणि घर गहाण पडल्यावर बंद केलेला धंदा यात एका कुटुंबाची पुढची दहा वर्षं असतात. नवीन कर्ज काढून जुनं फेडणं सुरू झालं, किंवा घरातलं सोनं निघायला लागलं, की तो विषय काढायचा, आणि तो जवळच्याच माणसाने काढायचा. मग कामं क्रमाने लावा. नवीन माल मागवणं थांबवा. नवीन ॲडव्हान्स घेणं थांबवा, आधी ज्यांनी दिलाय त्यांची कामं पूर्ण करा किंवा पैसे परत द्या. हाताखालच्या माणसांना आधी सांगा आणि त्यांच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाका. उरलेला माल सूट देऊन काढा, आता सूट चालते. मशीन आणि फर्निचर भंगाराच्या भावात जाऊ नये म्हणून त्याच धंद्यातल्या लोकांना आधी विचारा. लायसन, वीज मीटर, टॅक्सची नोंदणी रीतसर बंद करा, नाहीतर दुकान नसताना नोटिसा येत राहतात. आणि फोन नंबर मात्र चालू ठेवा, टेलरला घरून, मेकॅनिकला गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन काम करता येतं, ती तीस घरं तेव्हाही फोन करतील.